मथी, बाजीराव आणि अर्धं हळकुंड

परवा पुण्याची आतेबहीण दोन दिवस राहून गेली. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "तुमच्या तिन्ही मांजरांचं बाकी छान जमतं हं. आमच्याकडं दुसरं पिल्लू आणलं तर पहिलीनं घर डोक्यावर घेतलंय. तुमचं बरं आपोआप झालं!"

'आपोआप' हा शब्द ऐकला आणि अण्णांनी पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत. मी तिची बॅग उचलली आणि "चल, एसटी चुकेल" म्हणत बाहेर सटकलो.

तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं. आतेबहिणीसाठी, आणि ज्यांच्या घरी एक मांजर आधीच नांदतंय आणि दुसरं पायात घोटाळायला लागलंय अशा सगळ्यांसाठी. थोडं माझ्यासाठीही.

आधी पात्रपरिचय.

पहिली मथी. २०१३ साली आई आठवडी बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आणि पिशवीच्या तळाशी एक राखाडी, पट्टेरी पिल्लू घेऊन आली. मेथीबरोबर आली म्हणून मथी. आमच्या घरातली नावं ठेवण्याची पद्धत ही अशी. मथी आईची. म्हणजे खायला आम्ही कुणीही घातलं तरी चालायचं, पण झोपायची आईच्या पलंगावर, उशाच्या डाव्या अंगाला. २०२१ साली आई गेली. त्यानंतर त्या पलंगावर कुणी झोपलं नाही. मथी सोडून.

दुसरा बाजीराव. लाल बोका. हा महापुराचा पाहुणा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा नदीकाठच्या गावातली आमची मावशी, काका, त्यांची सून, दोन नातवंडं आणि एका बोचक्यात हा बोका असे सगळे आष्ट्याला आमच्याकडं आले. पाणी ओसरल्यावर माणसं परत गेली. बोका राहिला. "राहू दे गं, त्याला इथलं मानवलंय," असं आई मावशीला म्हणाली आणि विषय संपला. (लाल रंगाची मांजरं बहुतेक बोकेच का असतात, हे मला अलीकडं कळलं. लाल रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याला एकच एक्स, त्यामुळं एका जनुकात काम भागतं. मांजरीला पूर्ण लाल व्हायला दोन लागतात. नेमका कुठला जनुक, ते जपानच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. असो.)

आई गेल्यावर अण्णांचं बोलणं कमी झालं. तसे ते आधीही बोलके नव्हते, पण आता कामापुरतंच. अपवाद मथीचा. पहाटे साडेचारला अण्णा उठायचे, मथी उठायची. अण्णा चहा टाकायचे, ती कट्ट्याखाली बसायची. मग अण्णा पलंगाच्या कडेला बसून चहा पीत तिच्याशी काहीबाही बोलायचे. पाऊस, उसाचं बिल, गुडघा. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो. उठून कधी गेलो नाही. ती वेळ त्या दोघांची होती.

आता गोष्ट.

२०२४ चा जानेवारी. सांगलीहून इस्लामपूरला (आता ईश्वरपूर म्हणायचं) जाणारा रस्ता त्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो. आमच्या वीस गुंठ्याला अखेर तोड आली होती. दुपारी टोळीतल्या एका बाईनं हाक मारली. पाचटाच्या ढिगाखाली मांजराचं पिल्लू. एकटंच.

उसात पिल्लं सापडणं आमच्याकडं नवीन नाही. रानमांजराची सापडतात, क्वचित वाघाटीची, आणि अलीकडं बिबट्याचीही. अशी सापडली तर हात न लावता वन खात्याला कळवायचं. ते लोक पिल्लं त्याच जागी ठेवून आईची वाट बघतात आणि पुष्कळदा आई येऊन घेऊन जाते. आमचं हे पिल्लू मात्र घरगुती मांजराचंच होतं, कारण रंग तिरंगी. पांढरं, काळं आणि पिवळं. त्यातून तोंडाची उजवी बाजू पिवळी आणि डावी काळी, मधोमध रेघ मारल्यासारखी.

तरी नियम तोच. मांजर पिल्लांना सात घरं हिंडवते म्हणतात ते खोटं नाही. ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते, आणि आपल्याला जे 'टाकलेलं' वाटतं ते पुष्कळदा 'रांगेत शेवटचं' असतं. म्हणून आम्ही ते पिल्लू बुट्टीत घालून बांधावर झाडाखाली ठेवलं आणि लांब गेलो. टोळीच्या खोपी जवळच होत्या, लक्ष ठेवायला माणसं होती. संध्याकाळ झाली, रात्र झाली. सकाळी जाऊन बघितलं तर बुट्टीत पिल्लू तसंच, थंडीनं आकसलेलं. आई आली नव्हती. शेत मोकळं झालं होतं. आदल्या दिवशीपर्यंत जिथं तिचं घर होतं तिथं आता नुसती खोडकी.

लेकीनं स्वेटरच्या आत घालून पिल्लू घरी आणलं. अण्णा ओट्यावर बसले होते. बघितलं आणि म्हणाले, "अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालंय की हे."

झालं. नाव पडलं हळकुंडी.

अण्णांनी स्वतः मात्र ते नाव घेतलं नाही. त्यांच्या तोंडी 'ते'. "ते का ओरडतंय?" "ते कुठं निजलंय?"

त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हशी-गाईंत रमलेले, पण त्यांनी पिल्लाची अगदी मन लावून तपासणी केली. वजन ४१० ग्रॅम. सुरुवातीच्या दिवसांत पिल्लू आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमनं वाढतं, तेव्हा वय महिन्याच्या आसपास. डोळे अजून निळे, तेही त्याच वयाचं लक्षण. तिरंगी आहे म्हणजे मादीच धरा, म्हणाले. गाईचं दूध पाजू नका, जुलाब होतील. जंताचं औषध लिहून दिलं. मग विचारलं, "घरात दुसरी मांजरं आहेत?"

"दोन."

"लस दिलीय त्यांना?"

मी गप्प.

डॉक्टरांनी चष्मा काढला. मांजरांचा म्हणून एक पार्व्होसारखा आजार असतो, उलट्या-जुलाबानं पिल्लं दोन दिवसांत जातात. त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतो. फिनेलनं तो मरत नाही, उलट फिनेल मांजरांनाच बाधतं, ब्लीचिंगचं पाणी वापरा. थोरल्या दोघांना लस आणा. पिल्लाला आठव्या आठवड्यात पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या. आणि तोवर किमान दोन आठवडे हिला वेगळ्या खोलीत ठेवा. "आजारासाठी पण आणि स्वभावासाठी पण," असं शेवटी म्हणाले.

मी मान डोलावली. सांगलीहून लस आणून थोरल्या दोघांना टोचून घेतली. पिल्लाला धान्याच्या खोलीत ठेवलं. इथपर्यंत मी शहाणा होतो.

चौथ्या दिवशी रविवार होता. घरात माणसं होती, पिल्लू गोड होतं, लेक मागं लागली होती. माझ्या डोक्यात एकच, की बाजीरावाच्या वेळी आपण असलं काहीसुद्धा केलं नव्हतं. महापुरात घरात चौदा माणसं, त्यात तो आला आणि महिन्याभरात मथीशेजारी बसायला लागला. आपोआप. मांजरांना कसली आलीय ओळखपाळख! मी पिल्लू उचललं, माजघरात आलो, आणि मथी झोपली होती त्या पलंगावर तिच्या नाकासमोर नेऊन ठेवलं. लेक मोबाईल सरसावून उभी.

तो व्हिडिओ अजून आहे. अकरा सेकंदांचा. पहिल्या दोन सेकंदांत मथी डोळे उघडते. तिसऱ्याला तिची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगते. फिसकारते, एक पंजा मारते, पिल्लू उशीवरून घरंगळतं. मग माझा आवाज येतो, "ए मथे! लाज वाटत नाही का?" आणि मथीच्या पाठीवर माझा हात बसलेला दिसतो. जोरात नाही. पण बसलेला दिसतो. मग मथी खिडकीतून बाहेर.

त्या रात्री ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या पत्र्यावर बसलेली दिसली. हाक मारली तर उठून पलीकडं गेली. वाटीत बोंबलाचं डोकं ठेवलं, ते बाजीरावानं खाल्लं. दुसरी रात्र गेली. जानेवारीची थंडी. अण्णा पहाटे साडेचारला उठले, चहा टाकला, पलंगाच्या कडेला येऊन बसले. कुणाशी बोलले नाहीत. मी अंथरुणात जागा होतो. कपाचा आवाज येत होता, तेवढाच.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. रात्री अण्णा अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठले आणि बॅटरी घेऊन परड्यात गेले. गुडघा धरून, एकेका ढिगामागं वाकून बघत, "मथे... मथे..." करत. ऐंशीला टेकलेला माणूस. मी मागं मागं गेलो, तर म्हणाले, "तू थांब. तुझा आवाज ऐकून यायची न्हाई ती."

खरं होतं ते. काय उत्तर देणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कडब्याच्या गंजीच्या सांदीत सापडली. अण्णांनाच सापडली. डोळे चिपडलेले, अंगाला हात लावू दिला पण खायला तयार नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि मग खायला घातलं तरी खात नाही, त्यातून पुष्कळ मांजरं जातात. आज काहीही करून पोटात घाला. अण्णांनी कोंबडीच्या उकडलेल्या पाण्यात बोट बुडवून तिच्या ओठाला लावलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग तिनं बोट चाटलं.

तिथंच, गंजीपाशी उकिडवं बसून अण्णा म्हणाले, "ते पिल्लू सोडून ये असं मी म्हणणार न्हाई. कुठं सोडणार ते तरी. पण हिचं घर हिला माघारी दे."

संध्याकाळी मी मावशीला फोन लावला. बाजीरावाच्या वेळी आपोआप झालं होतं, मग आत्ताच असं का, हे तिला तरी ठाऊक असेल म्हणून.

मावशी हसायलाच लागली. "आपोआप? आरं, तुझी आई पंधरा दिवस त्या बोक्याला धान्याच्या खोलीत कोंडून बसली हुती. आम्ही एवढी माणसं दाटीवाटीनं झोपत हुतो, तरी ती खोली काय दिली न्हाई तिनं आम्हाला! मी रुसले हुते की तवा. रोज पदरानं आधी मथीचं गाल पुसायची, मग त्याच पदरानं बोक्याचं, मग परत मथीचं. मी म्हटलं, आक्का, हे काय? तर म्हणाली, वास एक झाला की घर एक हुतंय."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्या ऑगस्टमध्ये मी घरातच होतो. चौदा माणसांचा स्वयंपाक, चिखलानं भरलेले कपडे, मावशीच्या सुनेचं तान्हं मूल, सगळं आईनं निस्तरलं हे मला आठवत होतं. पण दाराआड बसून दोन मांजरांचे गाल पुसणारी आई मी बघितलीच नव्हती. तिथून सहा पावलांवर मी टीव्हीवर पुराच्या बातम्या बघत असणार.

मग वाचायला बसलो. जे सापडलं ते सगळं आईच्या पदरातच होतं म्हणा, पण कारणं कळली. मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते कुत्र्यासारखं टोळीत राहणारं नाही, आपली हद्द राखून एकटं शिकार करणारं. माणसानं धान्य साठवायला सुरुवात केली, धान्याला उंदीर आले, उंदरांमागं हे आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याजवळ मांजर पुरलेलं सापडलंय, इतकी जुनी ही सोबत. आपल्या सांगलीशेजारी हरिपूरला हळदीची जमिनीतली पेवं होती, तशी साठवण जिथं जिथं झाली तिथं मांजर आलं असणार. पण ते माणसाच्या दाराशी आलं, दुसऱ्या मांजराच्या नव्हे. एकत्र राहायचं ते नंतर शिकलं, आणि तेही बहुतेक नात्यातल्या मांजरींमध्येच.

शिवाय मांजराचं घर म्हणजे भिंती आणि छप्पर नव्हे, वास. ती दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासते तेव्हा लाड करते असं आपल्याला वाटतं. लाड असतीलही. पण गालात ग्रंथी असतात, त्यांचा वास ती तिथं लावून ठेवत असते. हे माझं, इथं भीती नाही, अशी सही. मथीनं अकरा वर्षं त्या पलंगावर सह्या केल्या होत्या. मी एका झटक्यात त्यावर परका वास नेऊन ठेवला, आणि तिनं 'नको' म्हटलं तर तिला मारलं. फिसकारणं म्हणजे हल्ला नव्हे, हल्ला टाळण्यासाठी दिलेली सूचना असते. ती सूचनाच दिली की मार बसतो असं मी तिला शिकवलं.

मग पहिल्यापासून सुरुवात.

हळकुंडी परत धान्याच्या खोलीत. दार बंद. आत घमेल्यात वाळू, तिचं स्वतःचं. मथी-बाजीरावासाठी परड्याकडच्या कोपऱ्यात आणखी दोन. (मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जास्त ठेवा असं सांगतात. आमचं चौथं घमेलं परड्यात.) खायच्या वाट्याही वेगळ्या.

फडकं हवं होतं. मी जुना टॉवेल शोधत होतो. अण्णा आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि आईचं एक सुती पातळ घेऊन बाहेर आले. बदामी रंगाचं, विटलेलं. मी म्हटलं, "अण्णा, अहो हे कशाला? फडकं कुठलंही चालतं." त्यांनी कात्रीसाठी हात पुढं केला. पदराकडनं दोन हात कापलं, त्याचे चार तुकडे केले, आणि उरलेलं नीट घडी करून परत ट्रंकेत.

त्या तुकड्यांनी रोज सकाळी-संध्याकाळी पुसायचं. हळकुंडीला पुसलेलं मथीच्या वाटीजवळ, मथीला पुसलेलं हळकुंडीच्या खोक्यात. पहिल्या दिवशी मथीनं लांबूनच हुंगलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी फिसकारली, फडक्यावरच. मी हात मागं बांधून उभा. पाचव्या दिवशी ती फडक्यावर बसून अंग चाटत होती. अडीच वर्षं ट्रंकेत राहिलेल्या पातळाला आईचा वास राहिला असेल का? मला वाटत नाही. डांबराच्या गोळ्यांचाच असणार. पण अण्णांना मी तसं म्हटलं नाही.

वाट्यांचं गणित फरशीवर. मथीची वाटी धान्याच्या खोलीच्या दारापासून सहा शहाबादी फरश्या लांब. ती शांतपणे खाते आहे असं दिसलं की दुसऱ्या दिवशी अर्धी फरशी पुढं. आत दाराच्या पलीकडं हळकुंडीची वाटी. म्हणजे नाकाला वास परक्याचा आणि जिभेला चव बोंबलाची. चौथ्या फरशीवर मथी अडली. वाटीकडं बघून परत फिरली. मला घाई, म्हटलं बघू उद्या खाईल. अण्णांनी वाटी उचलून पाचव्या फरशीवर मागं नेली. तीन दिवस तिथंच. मग परत पुढं.

बाजीरावाचा प्रश्न नव्हता. त्याची शस्त्रक्रिया झालेली, स्वभाव पाहुण्यासारखा. तो दाराखालच्या फटीत पंजा घालून पडायचा आणि आतून एक चिमुकला पंजा त्यावर आपटायचा. दोन निर्वासितांची गट्टी म्हणू आपण.

अठरा दिवसांनी दार उघडलं. पण मध्ये परड्यातली जुनी बाज उभी करून बांधली, काथ्याची विणीची. दिसतं सगळं, येता-जाता येत नाही. मथी बाजेच्या अलीकडं, हळकुंडी पलीकडं, दोघींच्या पुढ्यात वाट्या. मथीनं खाताना एक डोळा वर ठेवला होता. पण खाल्लं.

त्यानंतर पाच-पाच मिनिटांच्या भेटी. दोघींची पोटं भरल्यावर, पिल्लाला आधी सुतळीच्या गोंड्यामागं पळवून दमवून. उचलून कुणालाही कुणासमोर ठेवायचं नाही. ज्याला जिथून बघायचंय तिथून बघू दे, पळायचंय तर वाट मोकळी असू दे. फिसकारली तर फिसकारू दे. लेकीला मोबाईलबंदी.

एकदा फजिती झाली. हळकुंडीनं मथीच्या हलणाऱ्या शेपटीवर झेप घेतली. मथीनं वळून फाडकन एक ठेवून दिली. माझा हात आपसूक पुढं गेला. अण्णा म्हणाले, "थांब. नखं बाहीर न्हाईत तिची." खरंच, नखं आत होती. पिल्लू दोन कोलांट्या खाऊन उठलं, आणि जरा लांब जाऊन शहाण्यासारखं बसलं. अण्णा हसले. मोठ्यानं. आत भाकरी थापणारी बायको बाहेर येऊन बघून गेली की हसलं कोण.

आता 'जमलं का?' म्हणाल तर सांगतो. आतेबहिणीला वाटलं तसं नाही. मथी आणि हळकुंडी कधी एकमेकींना चाटत नाहीत, एका अंगावर झोपत नाहीत. पाऊल लेहाउझन नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी मांजरांचा फार बारकाईनं अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं की मांजरं जागा वाटून घेतात तशी वेळही वाटून घेतात. एकच वाट सकाळी एकीची, दुपारी दुसरीची. आमच्याकडं तेच झालंय. पलंग रात्री आणि पहाटे मथीचा. अकरानंतर, मथी उन्हाला ओट्यावर गेली की, हळकुंडीचा. चारला मथी परत येते, हळकुंडी उतरते. कुणी कुणाला उठवत नाही. २०२४ च्या दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा तिघंही एकाच पलंगाखाली सापडली. मात्र एका ओळीत, मध्ये वीत-वीतभर अंतर सोडून. बँकेच्या रांगेतल्यासारखी.

आणि एक गोष्ट परत आली नाही, तीही सांगायला हवी. मथी माझ्या मांडीवर आता येत नाही. अण्णांच्या येते, लेकीच्या येते. मी पलंगावर बसलो की उठून जाते असं नाही, पण जरा सरकते. पाठीवर हात ठेवला तर क्षणभर अंग आवळते, मग सोडते. तो क्षणभर माझा आहे. तो अजून कमी झालेला नाही.

तेव्हा आतेबहिणी, तुझ्या पिल्लाला आजच वेगळ्या खोलीत ठेव. महिना गेला तरी जाऊ दे. फडकं कुठलंही चालतं.

राहता राहिले अण्णा. मथी आता बारा वर्षांची आहे, दात पडायला लागलेत, अण्णा तिला मऊ करून भरवतात. पहाटेचा चहा तसाच चालू आहे. गेल्या आठवड्यात मला लवकर जाग आली. पलंगाच्या कडेला अण्णा, उशाशी मथी. उसाच्या बिलाबद्दल काहीतरी चाललं होतं. तेवढ्यात पायथ्याशी धप्पकन आवाज आला. वेळ तिची नव्हती, तरी आली होती. मथीनं मान वर केली. मी श्वास धरून ऐकत होतो.

"हळकुंडे," अण्णा म्हणाले, "जरा तिकडं सरक. चहा सांडंल."

आणि परत उसाच्या बिलाकडं वळले.